मीटरला घड्याळ आलं, पण पोरीचा दिवा विझवू नका



गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि सतरंज्या गोळा करण्याआधी दोघी-तिघी भगिनी विजेची बिलं घेऊन जवळ आल्या. सरकारी कागद वाचून दाखवण्याचं काम कारकुनाकडं आपसूक येतं, त्याचं मला ओझं नाही. पण त्या दिवशी एका वहिनीनं जे सांगितलं ते ऐकून मन खिन्न झालं.

त्या म्हणाल्या, "दादा, नवा मीटर बसलाय. आता संध्याकाळची वीज महाग आन् दिवसाची स्वस्त, असं गल्लीत सगळे म्हणत्यात. म्हणून मी सातनंतर एकच दिवा ठेवते, सैपाकघरातला. पोरगी बारावीला आहे. तिला म्हटलं, अभ्यास दुपारीच उरक."

पोरगी मागंच उभी होती, मान खाली घालून. दुपारी ती कॉलेजात असते. तिथून एसटीनं घरी यायला पाच वाजतात. मग अभ्यास करायचा कधी?

आजचं सदर त्या पोरीसाठी आहे.

आधी हा मीटर काय आहे ते समजून घेऊ. जुना मीटर फक्त एकूण आकडा दाखवत असे. महिन्यात किती युनिट जळले एवढंच त्याला कळे, कोणत्या वेळी जळले ते कळत नसे. नव्या स्मार्ट मीटरला घड्याळ असतं. कोणत्या वेळी किती वीज वापरली याची तो वेगवेगळी नोंद ठेवतो आणि मोबाइलसारख्या जाळ्यावरून ती कार्यालयाला पाठवतो. आपल्या वेल्ह्याच्या डोंगरकपारीत रेंज जाते-येते, हे खरं. पण रेंज गेली म्हणून नोंद पुसली जात नाही. मीटर ती स्वतःजवळ साठवून ठेवतो. (2024 साली वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय झाला, पण आपल्या तोंडी अजून वेल्हेच आहे.)

वेळेप्रमाणे दर लावण्याच्या या पद्धतीला 'टाइम ऑफ डे' म्हणतात, आणि मीटरलाही लोक टीओडी मीटर म्हणतात. केंद्र सरकारनं जून 2023 मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल करून ही पद्धत घराघरांपर्यंत आणायचं ठरवलं. आपल्या राज्यात वीज नियामक आयोगाच्या आदेशानं 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे सूट लागू झाली. आयोगाच्या आदेशानं असे आकडे बदलत असतात. म्हणून दर महिन्याला बिलावरचा आकडा पाहावा, गल्लीतला नव्हे.

दिवसाच सूट का? कारण दिवसा ऊन असतं. सूर्यावर तयार होणारी वीज दुपारी भरपूर असते, आणि संध्याकाळी सूर्य मावळला की नेमके सगळ्यांचे दिवे, पंखे, टीव्ही एकदम सुरू होतात.

विलायतेत याच्या उलट आहे. तिथं 1978 साली 'इकॉनॉमी सेव्हन' नावाचा दर आला, म्हणजे रात्रीचे सात तास वीज स्वस्त. रात्री कारखाने बंद असले तरी मोठी वीजकेंद्रं बंद ठेवता येत नव्हती, म्हणून ती वीज खपवायची. तिथल्या थंडीत भिंतीलगत विटा भरलेली एक पेटी असते, तिला स्टोरेज हीटर म्हणतात. रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापतात आणि दिवसभर घराला ऊब देतात. बऱ्याच घरांत ही पेटी सुरू-बंद करण्याचा इशारा बीबीसीच्या रेडिओलहरींवरून मीटरजवळच्या पेटीला जात असे. ती जुनी सोय 30 जून 2025 पासून टप्प्याटप्प्यानं बंद होऊ लागली, आणि ज्यांच्या घरचा नवा मीटर हीटरशी जुळणारा नव्हता त्यांना थंडीची काळजी लागली. मीटर, दर आणि घरातलं यंत्र या तिघांचं जुळलं तरच सवलत पदरात पडते, हा त्यातला धडा.

आपल्याकडे मीटर फक्त वेळ टिपतो. तो तुमचा गिझर सुरू करत नाही की बंद करत नाही. बटण आपल्याच हाताखाली आहे. तेव्हा हिशोबही आपणच करायचा.

एक युनिट म्हणजे 1000 वॅटचं यंत्र एक तास चालणं. एवढं सूत्र पाठ केलं की कुणी आपल्याला फसवू शकत नाही.

आता गिझर घेऊ. भोरात, नसरापुरात ज्यांच्या घरी 15 लिटरचा गिझर आहे, त्यांना गार पाणी 30 अंशांनी तापवायला सुमारे अर्धा युनिट लागतो. तो दुपारी तापवला तर बचत 40 पैसे. महिन्याचे 12 रुपये. पण केव्हा? तेच पाणी संध्याकाळी कामावरून आलेल्या माणसानं वापरलं तर. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या आंघोळीसाठी दुपारी तापवून बटण तसंच चालू ठेवलं, तर पाणी रात्रभर निवत राहतं आणि गिझर पुन्हा पुन्हा वीज ओढतो. बचत तर जातेच, वर नुकसान. बादलीत रॉड घालणाऱ्यांनी तर हा विचारच करू नये. उघड्या बादलीतलं पाणी तास-दोन तासांत निवतं. आणि रॉडचं बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका, लेकरांना जवळ येऊ देऊ नका. बंबावर पाणी तापवणाऱ्या घरांना या हिशोबाची गरजच नाही.

मग दिवसा काय करावं? पाण्याची मोटर, घरघंटी, इस्त्री, कपडे धुण्याचं यंत्र, ही कामं शक्य असेल तर नऊ ते पाचमध्ये उरकावीत. एक हॉर्सपॉवरची घरघंटी तासाला सुमारे पाऊण युनिट घेते, म्हणजे तासामागे 60 पैसे वाचले. फ्रीज तर दिवस-रात्र चालूच असतो. त्याच्या वापराचा साधारण तिसरा हिस्सा आपोआप सवलतीत येतो. असं सगळं धरून एखाद्या घरानं महिन्याला 25 युनिट दिवसात आणले, तर 20 रुपये वाचतील. वीस रुपये नाकारू नयेत, पण त्यासाठी घर डोक्यावरही घेऊ नये. जी माउली दिवसभर मजुरीला जाते, तिनं इस्त्रीसाठी खाडा करायचा काय? रविवार आहे, सुट्टी आहे, तेव्हा करावं.

खरी बचत दुसरीकडं आहे. महिन्याच्या पहिल्या 100 युनिटांचा दर आणि त्यापुढचा दर यांत 80 पैशांहून कितीतरी मोठी तफावत असते. ज्या घराचा वापर 105-110 युनिटांवर जातो, त्यानं तो 100 च्या आत आणला तर या सवलतीपेक्षा जास्त पैसे वाचतात. रिकाम्या खोलीतला पंखा, जुना पिवळा बल्ब, रात्रभर चालू राहिलेला टीव्ही, ही खरी गळती.

आता त्या पोरीचा दिवा. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज तीन तास लावला, तर महिन्याला 810 वॅट-तास होतात. म्हणजे एक युनिटसुद्धा नाही! उद्या समजा संध्याकाळचा दर युनिटमागे एक रुपयानं वाढला, तरी त्या दिव्याचा वाढीव खर्च महिन्याला एक रुपयाच्या आत. वहिनींना मी हे बिलाच्या पाठीवर मांडून दाखवलं. त्या बराच वेळ आकड्याकडं बघत राहिल्या. मग पोरीकडं वळून एवढंच म्हणाल्या, "तुला गणित येतं की. मला सांगायचं व्हतंस."

पोरगी म्हणाली, "तू विचारलंच नाहीस, आई."

बांधवांनो, या दोन वाक्यांत आपल्या घरांची कहाणी आहे. आपण पोरांना शिकवतो, पण घरातला हिशोब त्यांच्या हाती देत नाही. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पडताळून पाहा, असं भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलं. मीटर आणि बिलही त्याला अपवाद नाही. "नवा मीटर पळतो" असं कुणी म्हटलं म्हणून घाबरू नका, आणि "नवा मीटर कधीच चुकत नाही" असं कुणी म्हटलं म्हणून गप्पही बसू नका.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचं खातंही त्यांच्याकडं होतं. देशाच्या वीज नियोजनासाठी 1944 साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं ते त्यांच्याच कारकिर्दीत. वीज स्वस्त आणि मुबलक झाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि गरिबी हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या लेकरांनी विजेचं बिल न वाचता भरावं, हे बरं दिसत नाही.

म्हणून काही गोष्टी गाठीला बांधा.

नवा मीटर बसवताना जुन्या मीटरचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा लिहून घ्या, जमल्यास फोटो काढा. दर महिन्याला बिलात दिवसाचे युनिट आणि त्यावरची सूट दाखवली आहे का, ते पाहा. वापरापेक्षा बिल जास्त वाटलं तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 2024 च्या नियमदुरुस्तीप्रमाणं अशी तक्रार आल्यावर पाच दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर बसवायचा असतो आणि तो किमान तीन महिने ठेवायचा असतो. बिल थकलं तरी 15 दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत जोडणी राहते. हे 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 56 मध्ये आहे. त्यापुढं ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल.

शेवटी एक सूचना. प्रत्येक विहारात महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास बिलवाचन ठेवा. वाचायला आमच्यासारखे कारकून नकोत, नववी-दहावीची मुलं-मुली बसवा. त्यांना वॅट आणि युनिट शाळेत शिकवलेलंच असतं. म्हातारीचं बिल नात वाचून दाखवते तेव्हा दोघींची मान ताठ होते.

त्या वहिनींच्या घरी परवा सहज डोकावलो. रात्रीचे साडेआठ झाले होते. सैपाकघरात अंधार होता आणि बाहेरच्या खोलीत पोरीच्या वहीवर दिवा होता. वहिनी तिच्याच उजेडात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

जयभीम! जय भारत!