चौतीस वर्षांची खामोशी

ईदचा चांद दिसला की बांगलादेशात घरोघरी टीव्हीवर एक ठरलेलं गाणं लागतं. ईदच्या खुशीचं, आणि जकातीची आठवण करून देणारं. १९३१ साली काझी नझरुल इस्लाम यांनी ते लिहिलं आणि अब्बासउद्दीन अहमद यांनी गायलं. इस्लामी गाण्यांची रेकॉर्ड कोण विकत घेणार, अशी कंपनीला धास्ती होती. अब्बासउद्दीन हटून बसले, म्हणून ती निघाली. आणि खपली कशी, ते साऱ्या बंगालने पाहिलं.

नझरुल १८९९ साली आसनसोलजवळच्या चुरुलिया गावी जन्मले. वडील मशिदीचे इमाम. ते वारले तेव्हा पोर जेमतेम नऊ वर्षांचं. त्याने मशिदीची खिदमत केली, अजान दिली, मग लोकनाट्याच्या फडात गेला, बेकरीत राबला, फौजेत भरती होऊन कराचीला गेला. पुढे इंग्रजांविरुद्ध लिहिल्याबद्दल तुरुंग भोगला. पण जीव खरा गाण्यात. हम्द, नात, गझला लिहिल्या, तशी कालीमातेची गाणीही लिहिली. दोन्हीकडच्यांनी बोल लावले. (गाण्याचं नाव काढताच कपाळाला आठ्या घालणारे बुजुर्ग आपल्याकडेही आहेत. त्यांच्याशी मी इथे वाद घालत नाही.)

जुलै १९४२ मध्ये हा माणूस बोलता बोलता अडखळू लागला. वय ४३. जीभ जड झाली, शब्द सापडेनात, पुढे माणसंही ओळखू येईनात. होमिओपॅथी झाली, आयुर्वेद झाला, वेड्यांचं इस्पितळही झालं. निदान व्हायला १९५३ साल उजाडलं, तेही व्हिएन्नात. आजाराचं नाव पिक्स डिसीज. यात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाकडचा भाग हळूहळू झिजत जातो. आधी वागणं बदलतं किंवा बोलणं जातं. औषध तेव्हा नव्हतं. झीज थांबवणारं औषध आजही नाही.

हे वाचलं आणि मला माझे खालू आठवले. रेडिओवर कव्वाली लागली की जेवता जेवता बोटांनी ताटावर ठेका धरणारे. साठीनंतर त्यांचे शब्द हरवू लागले. साखर मुठीने खात. एकदा जनाज्यात मोठ्याने हसले. त्या दिवसापासून खालाने त्यांना बाहेर नेणंच बंद केलं. "लोग हसते उनपे," म्हणायची. कुणी नजर लागली म्हटलं, कुणी आसेब. तावीज बांधले, दम केलेलं पाणी पाजलं. मेंदूच्या डॉक्टरकडे नेईपर्यंत तीन वर्षं गेली होती. मी बीएड झालेली, मुलांना शरीरशास्त्र शिकवणारी. मीही इतरांसारखीच त्यांच्याशी बोलणं कमी केलं होतं. काय बोलायचं तेच कळत नसे.

नझरुल यांच्या पत्नी प्रमिला स्वतः कमरेखाली लुळ्या होत्या. नवरा आजारी पडण्याआधीपासूनच त्या अंथरुणाला खिळलेल्या. एक मुलगा लहानपणीच देवीने गेला होता. पैशाची चणचण कायमची. तरी पडल्या पडल्या त्यांनी वीस वर्षं या मुक्या झालेल्या माणसाकडे लक्ष ठेवलं. १९६२ साली त्या गेल्या. त्यांची कबर चुरुलियात आहे. बायको गेल्याचं त्यांना कितपत उमगलं असेल, कोण जाणे.

१९७२ साली बांगलादेश सरकारने नझरुलना ढाक्याला नेलं. वाढदिवसाला लोक हार घालत, त्यांचीच गाणी त्यांच्यासमोर गात, आणि ते मोठ्या डोळ्यांनी नुसते बघत बसत. २९ ऑगस्ट १९७६ रोजी इन्तिकाल झाला. अजान ऐकू येईल अशा जागी दफन करा, असं त्यांनी पूर्वी एका गाण्यात लिहून ठेवलं होतं. म्हणून ढाका विद्यापीठाच्या मशिदीशेजारी त्यांची कबर आहे.

खालू गेले त्याला चार वर्षं झाली. त्या शेवटच्या रमजानात शेजारच्या मुलाने मोबाइलवर कव्वाली लावली होती. खालूंचं बोट चादरीवर हललं. खालाने ते पाहिलं, उठली आणि महिनोन्महिने लावून ठेवलेलं पुढचं दार उघडून आली.