वाकडी दिसणारी रेघ

साठी उलटलेला रुग्ण 'दाराची चौकट वाकडी दिसते' म्हणाला की आम्ही वैद्य 'तिमिर' समजून त्रिफळाघृत लिहून देतो; औषधालयातूनही ते विनाचौकशी दिले जाते. ही घाई आम्हास घातक वाटते. वाचनाचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून त्यास चौकटींचा कागद दाखवावा. रेघा वाकल्या वा मध्यभागी काळा डाग दिसला, तर मॅक्युलर डिजनरेशनची शंका घेऊन विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. त्याच्या 'ओल्या' प्रकारात वेळीच दिलेली डोळ्यातील इंजेक्शने उरलेली दृष्टी बहुधा राखतात. विलंबाने गेलेली सहसा परतत नाही. सुश्रुताचार्यांनी ७६ नेत्ररोगांसह साध्यासाध्यतेचा विवेकही शिकविला. रुग्ण वेळेवर पाठविणे हा त्याच विवेकाचा भाग होय. त्यात कमीपणा नाही.