अठरा वर्षांनंतर आम्ही कोणाचे?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाड्या-शाळांत तपासणी होते, हृदयाला छिद्र असलेली मुले सापडतात, त्यांच्यावर शस्त्रक्रिया होते. या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण कार्यक्रम १८ व्या वर्षी संपतो, आजार संपत नाही. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा दहावीत असलेली मुले आता तिशीला टेकली. ती आज कोणाच्या यादीत आहेत?

मी साठीतला जन्मजात हृदयरुग्ण आहे. ‘लहानपणी ऑपरेशन झालं ना, मग झालात बरे’ हे वाक्य आयुष्यभर ऐकतो आहे. ते खरे नाही. उदाहरणार्थ, फॅलोचा दोष हा एक जन्मजात हृदयदोष; तो पूर्ण दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया १९५४ पासून होते. त्या रुग्णांची फुप्फुसाकडची झडप पुढे गळू लागते, उजवा कप्पा फुगतो, ठोके बिघडतात आणि वीस-तीस वर्षांनी अनेकांना झडप बदलावी लागते. दर १,००० जन्मांमागे ८ ते ९ बाळांना जन्मजात हृदयदोष असतो. त्यातली जगलेली सगळी म्हातारी होणार आहेत. टोरांटोत अशा प्रौढांसाठी १९५९ पासून वेगळा दवाखाना चालतो. आम्हाला मात्र एकीकडे बालहृदयतज्ज्ञ ‘तुम्ही मोठे झालात’ म्हणतात, दुसरीकडे ‘ब्लॉकेज नाही’ म्हणून घरी पाठवले जाते.

जिना चढताना धाप, दात काढायचा तरी संसर्गाची धास्ती, विमा नाकारलेला, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत अपात्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत; हिमोफिलिया आहे, थॅलेसेमिया आहे, आमचे हृदय नाही. महात्मा फुले योजना मुख्यतः दाखल झाल्यावर उपयोगी पडते. वर्षानुवर्षांच्या इको, होल्टर, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या आणि त्यासाठीच्या तपासण्या खिशातून! पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्याने काय करायचे? औषध की किराणा, हे दर महिन्याला ठरवायचे?

मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांच्या रुग्णांनी किती दिवस पुण्या-मुंबईची वाट धरायची? इथल्या घाटी या सरकारी रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस प्रौढ जन्मजात हृदयरुग्णांसाठी राखून ठेवा. अठरा पूर्ण होणाऱ्या प्रत्येक मुलाची फाईल तिथे पाठवा. शस्त्रक्रिया झालेल्यांची जिल्हावार नोंद करा; आमची मोजणीच नसेल तर तरतूद कशाच्या आधारे करणार? हे कधी सुरू होणार, ती तारीख आम्हाला लेखी हवी आहे.

आपला,
एक जन्मजात हृदयरुग्ण
छत्रपती संभाजीनगर