शिकणाऱ्याच्या हातातला कीबोर्ड काढून घेऊ नका



या वेळच्या भित्तिपत्रकाला गुरुजींनी ‘माझे मत’ असा विषय दिला. कुणी झाडे लावण्यावर लिहिले, कुणी जत्रेवर लिहिले. मी पायथनवर लिहिणार आहे. आमच्या शाळेत सहावी-सातवीचे दादा आणि ताया आम्हाला पायथन शिकायला मदत करतात. ती मदत कशी असावी याबद्दल माझे मत आहे. माझे मत असे की, मदत करणाराने कीबोर्डला हात लावू नये. बोट दाखवावे, प्रश्न विचारावा, थांबावे. टाइप मात्र शिकणाऱ्यानेच करावे.

आधी पायथन म्हणजे काय ते सांगते. नाहीतर पालकांना वाटेल ही मुलगी अजगराचा निबंध लिहिते आहे. इंग्रजीत पायथन म्हणजे अजगर हे खरे. पण आमचा पायथन ही कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा आहे. नेदरलँड्स देशातल्या गिडो व्हान रोसम यांनी ती बनवली आणि १९९१ साली ती लोकांना वापरायला मिळाली. तिचे नावसुद्धा अजगरावरून ठेवलेले नाही. ब्रिटनमध्ये ‘मॉन्टी पायथन’ नावाचा एक विनोदी टीव्ही कार्यक्रम होता, त्यावरून ठेवले. म्हणजे ही भाषा हसतखेळत शिकायची आहे. पण आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत कधीकधी एखादे मूल रडवेले होऊन बाहेर येते. ते का, हेच मला सांगायचे आहे.

आमच्याकडे कॉम्प्युटर दोन आणि मुले पुष्कळ. शनिवारी सकाळच्या शाळेत चौथीची पाळी असते. दोघादोघांना वीस मिनिटे मिळतात. त्यात चूक झाली की पडद्यावर लाल अक्षरे येतात, आणि तीही इंग्रजीत. लहान मूल घाबरते. मग एखादा दादा येतो, “सरक” म्हणतो, खुर्चीवर बसतो, टकटक टाइप करतो, “झालं बघ” म्हणतो आणि निघून जातो. प्रोग्राम चालतो, पण मुलाला काय आले? काहीच नाही. माझी आज्जी याला ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणेल. पायथनच्या बिळावर नागोबाच बसायचा!

आता मी खऱ्या चुकांची उदाहरणे देते. म्हणजे नुसतेच बोलते असे कुणी म्हणणार नाही.

आमच्या वर्गातल्या एका मुलाने दुधाचा प्रोग्राम केला. सकाळी ४ लिटर, संध्याकाळी ३ लिटर, डेअरीला एकूण किती? उत्तर आले ४३ लिटर. सगळा वर्ग हसला. एवढे दूध त्यांच्या एका म्हशीने दिले असते तर तिची मिरवणूकच काढली असती! पण यात पायथनची चूक नव्हती. ‘इनपुट’ने विचारून घेतलेले उत्तर पायथन अक्षरे म्हणून ठेवतो, आकडा म्हणून नाही. अक्षरांची बेरीज म्हणजे एकाला एक चिकटवणे. ४ ला ३ चिकटवले की ४३. त्याला ‘फ्लोट’च्या कंसात घातले की त्याचा आकडा होतो आणि बेरीज ७ येते. ‘इंट’ पण चालते, पण ते पूर्ण आकड्यालाच. साडेचार लिटर म्हणजे ४.५ लिहिले की ‘इंट’ चूक दाखवते. दुधाला म्हणून ‘फ्लोट’च बरे.

हे दादाने टाइप करून दिले असते तर वीस सेकंदात झाले असते. पण तिथे सातवीची एक ताई होती. तिने टाइप केले नाही. तिने विचारले, “४ आणि ३ चे ४३ कधी होतात रे?” तो म्हणाला, “शेजारी शेजारी लिहिल्यावर.” ती म्हणाली, “मग पायथनने काय केलं असेल?” तो गप्प बसला आणि एकदम ओरडला, “चिकटवलं!” आकडा कसा करायचा एवढेच मग तिने सांगितले. आता तो मुलगा हे विसरणार नाही. उलट तोच दुसऱ्यांना सांगत फिरतो.

दुसरे उदाहरण पाढ्याचे. सातचा पाढा लिहायला ‘रेंज’च्या कंसात १ आणि १० लिहिले, तर पाढा ६३ वरच थांबतो. ७० येतच नाही. कारण दुसरा आकडा म्हणजे जिथे थांबायचे ती वेस. पायथन वेशीपर्यंत जातो, वेस ओलांडत नाही. म्हणून १० पर्यंत हवे तर ११ लिहायचे. इथे मदत करणाराने एवढेच विचारावे, “शेवटी कितीवर थांबला? तुला कुठपर्यंत हवा होता? मग एक वाढवून बघ की.”

तिसरे उदाहरण समासाचे. बाई आम्हाला वहीत समास सोडायला लावतात. पायथनही तसाच शिस्तीचा आहे. ‘फॉर’च्या किंवा ‘इफ’च्या ओळीनंतर दोन टिंबे द्यायची आणि खालची ओळ आत सरकवून लिहायची. चार जागा सोडायची पद्धत आहे. ओळ सरकवली नाही तर ‘इंडेंटेशन एरर’ येते. म्हणजे समास चुकला. मोठे अवघड नाव आहे, पण अर्थ आमच्या बाईंच्या बोलण्यासारखाच.

आणखी एक गंमत सांगते. प्रोग्राममध्ये आपला मराठी ४ थेट आकडा म्हणून लिहिला तर पायथन चूक दाखवतो. तिथे इंग्रजी आकडाच लागतो. पण ‘इनपुट’ला उत्तर देताना मराठी ४ लिहिला आणि तो ‘इंट’मध्ये घातला, तर त्याला बरोबर चार समजतात. मराठी अगदीच येत नाही असे नाही त्याला!

आता कुणी म्हणेल, मदत करणारालाच येत नसेल तर? माझे मत असे की, त्याने सरळ “मला माहीत नाही, चल बघू” म्हणावे. यात लाज कसली? एकदा एका मुलीने ‘लेन’ वापरून ‘शाळा’ या शब्दातली अक्षरे मोजली. आम्ही दोन म्हणतो. पायथन म्हणाला चार. दादालाही कळेना. त्याने सांगितले, छोटे छोटे करून बघ. तिने नुसता ‘म’ मोजला, एक आला. ‘मा’ मोजला, दोन आले. मग तीच म्हणाली, “अगं, हा काना वेगळा मोजतोय!” दादाला येत नव्हते तरी मदत झाली की नाही?

गुरुजींनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ नावाचे एक पुस्तक १९९९ साली निघाले. त्यात रबरी बदकाची युक्ती आहे. प्रोग्राम अडला की टेबलावर रबरी बदक ठेवायचे आणि त्याला एकेक ओळ समजावून सांगायची. सांगता सांगता आपल्यालाच चूक सापडते. आता बघा, बदकाला टाइप करता येत नाही, बोलताही येत नाही, तरी ते मदत करते. मग आमचे दादा निदान बदकाइतके तरी गप्प बसू शकतील!

काही मोठी मुले म्हणतात, “असं एकेकाला विचारत बसलो तर रांग कधी संपायची? वेळ कुणाकडे आहे?” त्यांचे अगदी खोटे नाही. रांग असते. पण ज्याला टाइप करून दिले तो पुढच्या शनिवारी तीच चूक घेऊन पुन्हा रांगेत उभा राहतो. मग रांग वाढली की कमी झाली? ज्याला एकदा नीट कळले तो रांगेतून कायमचा सुटतो. शिवाय तो दुसऱ्याला सांगायला उपयोगी पडतो तो वेगळाच.

आणि यात फक्त वेळेचा प्रश्न नाही. आमच्या वर्गात एक मुलगी आहे. दिवाळी झाली की ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्यात परत येते. तोपर्यंत आमचे पुष्कळ शिकून झालेले असते. मागच्या वर्षी ती आली तेव्हा तिने ‘प्रिंट’चे स्पेलिंग चुकवले. लाल अक्षरे आली. दोन मुले हसली. एका दादाने कीबोर्ड ओढून घेतला आणि सगळे स्वतःच लिहून दिले. ती उठली आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. मला म्हणाली, “हे आपल्यासाठी नसतं गं.” मला फार वाईट वाटले. एक अक्षर चुकले होते फक्त! नव्या पायथनमध्ये तर चुकलेला शब्द जवळपासचा असेल तर ‘तुम्हाला प्रिंट म्हणायचे होते का?’ असे तो स्वतःच विचारतो. कॉम्प्युटर तिला नीट विचारतो आणि आपण हसतो, हे बरोबर आहे का? अशी मुलगी एकदा दारापाशी गेली की परत खुर्चीवर येत नाही. म्हणून मी हा लेख लिहिते आहे.

हल्ली अजून एक झाले आहे. फोनला विचारले की तो आख्खा प्रोग्राम लिहून देतो. काही मुले तोच उतरवून काढतात. हा तर सगळ्यांत मोठा नागोबा! फोनला विचारू नका असे मी म्हणत नाही. पण त्याला असे विचारावे, “या लाल ओळीचा मराठीत अर्थ सांग.” उत्तर मागू नये. दुसऱ्याने जेवून आपले पोट भरत नाही.

आमच्या गावात मुले विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला रिकामा डबा बांधतात, कुणीतरी मोठे माणूस पाण्यात शेजारी असते. पण हातपाय मुलालाच मारावे लागतात. मोठ्या माणसानेच पोहून दाखवले आणि मूल काठावर बसले तर ते कधीच शिकणार नाही. पायथनचेही तसेच आहे.

म्हणून मी काही नियम सुचवते. गुरुजींना पटले तर कॉम्प्युटरच्या खोलीत लावावेत.

१. खुर्ची आणि कीबोर्ड शिकणाऱ्याचा. मदत करणाराने शेजारी उभे राहावे.

२. लाल अक्षरे आली की आधी शेवटची ओळ वाचावी. काय चुकले ते तिथे लिहिलेले असते. मग कितवी ओळ ते बघावे. तिथे काही दिसले नाही तर वरची ओळ बघावी, एखादा कंस उघडा राहिलेला असतो.

३. मदत करणाराने तीन प्रश्न विचारावेत. तुला काय यायला हवे होते? काय आले? तू काय लिहिलेस, मला मोठ्याने वाचून दाखव.

४. चुकला म्हणून हसणाऱ्याची पाळी शेवटी.

५. भिंतीवर चुकांचा मराठी तक्ता लावावा. नेम एरर म्हणजे हे नाव मला माहीत नाही. सिंटॅक्स एरर म्हणजे लिहिण्याची पद्धत चुकली. टाइप एरर म्हणजे अक्षरे आणि आकडे यांची गल्लत, असे पुष्कळदा असते. व्हॅल्यू एरर म्हणजे याचा आकडा होत नाही, असे बहुतेक वेळा. झिरो डिव्हिजन एरर म्हणजे शून्याने भागलेस. असा तक्ता असला की इंग्रजी न येणारे मूलही निम्मे घाबरणार नाही.

६. ऊसतोडीहून आलेल्या मुलांना पहिल्या शनिवारी पहिली पाळी द्यावी.

पालकांनाही माझी एक विनंती आहे. घरी आल्यावर आम्हाला “किती प्रोग्राम झाले?” असे विचारू नका. “आज कुठली चूक सापडली?” असे विचारा. तुम्हाला पायथन येत नसले तरी चालेल. आम्ही सांगू, तुम्ही ऐका. बदकालाही येत नाही, पण त्याचा उपयोग होतो! (यात कुणाला बदक म्हणायचा हेतू नाही.)

दादा-तायांवर माझा राग नाही. त्यांच्यामुळेच आम्ही शिकतो. त्यांनी फक्त हात मागे बांधून मदत करावी, एवढेच माझे म्हणणे आहे. पुढच्या वर्षी मी पाचवीत जाईन. तेव्हा चौथीची मुले मला विचारायला येतील. तेव्हा मी माझे हात मागे ठेवते की नाही, हे तुम्ही सगळ्यांनी बघावे.

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी