देवी नांवाचा मुलगा

नववीच्या वर्गांत ब्रिटनचा नकाशा शिकवितांना एकदां वेल्स देशाची गोष्ट निघाली, आणि तेथें मुलांना आवडीनें ठेविलें जाणारें एक नांव मीं फळ्यावर लिहिलें: 'देवी'. वर्गांत एकच हशा पिकला. "सर, मुलाचें नांव देवी, तर मुलीचें नांव गणपत ठेवितात काय?" असा प्रश्न मागच्या बांकावरून आला. मीहि हसलों, परंतु घरीं जातांना तो हशा मनांतून जाईना. परक्या कानाला विचित्र वाटणाऱ्या त्या नांवांत आपण सर्वांनीं, विशेषतः आम्हां शिक्षकांनीं, शिकण्यासारखें पुष्कळ आहे असें मला वाटतें. म्हणून हा लेख.

प्रथम अर्थ पाहूं. आपल्या 'देवी' शब्दाशीं ह्या नांवाचें कांहींएक नातें नाहीं. आपला शब्द 'दिव्' म्हणजे प्रकाशणें ह्या धातूपासून झाला. वेल्सचा 'देवी' हा मूळचा इब्री भाषेंतील दावीद होय, व त्याचा अर्थ 'प्रिय' किंवा 'लाडका' असा सांगतात. तें नांव लॅटिन भाषेच्या वाटेनें ब्रिटनच्या पश्चिमेकडील डोंगरांत पोंचलें, तेथील लोकांच्या जिभेवर घोळलें, आणि त्याचें 'देवी' झालें. पुढें तेंच नांव पुन्हां एकदां त्या देशांत आलें, तेव्हां त्याचें 'दाव्हिद' असें रूप झालें. एकाच पाहुण्याला वेल्श भाषेनें दोनदां घरांत घेतलें, आणि दोन्ही वेळां त्याला आपल्या घरचे कपडे घातले.

येथें विद्यार्थ्यांनीं एक गंमत लक्षांत ठेवावी. इंडोनेशियांत 'देवी' हें मुलीचें नांव आहे, आणि तें खरोखरच संस्कृतांतून तिकडे गेलेलें आहे. रोमन लिपींत हीं दोन्ही नांवें अगदीं सारखीं लिहितात. परंतु एक यरुशलेमेकडून निघालें व दुसरें भरतखंडांतून. उलट, वेल्श भाषेंत परमेश्वराला जो 'द्यू' असा शब्द आहे, तो मात्र आपल्या 'देव' शब्दाचा सख्खा आप्त आहे. अशीं भाषाभाषांमधील नातीं जगाच्या नजरेस आणून देणारे सर विल्यम जोन्स ह्यांचें १७८६ सालचें कलकत्त्यांतील व्याख्यान प्रसिद्ध आहे. त्यांचे वडील वेल्समधील अँगलसी बेटाचे. गणितांतील 'पाय' हें चिन्ह आज ज्या अर्थानें वापरितात त्या अर्थानें तें प्रथम त्यांनीं १७०६ सालीं छापिलें. सारांश, शब्दांचा चेहरा पाहून त्यांचें कुळ ठरवूं नये.

देवी नांवाला वेल्समध्यें जो मान आहे, तो सहाव्या शतकांतील एका संतामुळें. संत देवी हे मठ स्थापणारे व उपदेश करणारे होते. त्यांचें पहिलें चरित्र रिगिवार्ख नामक विद्वानानें अकराव्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमध्यें लिहिलें. त्यांत असें वर्णन आहे कीं, देवींच्या मठांतील बंधु बैल न जुंपतां स्वतःच्या खांद्यांवर नांगर ओढीत, आणि त्यांचें खाणें-पिणें अत्यंत साधें असे. मरणापूर्वीं आपल्या लोकांस त्यांनीं लहानसहान कर्तव्यें निष्ठेनें पार पाडण्याचा उपदेश केला, अशी परंपरा आहे. १ मार्च हा त्यांचा स्मृतिदिन. त्या दिवशीं वेल्समधील मुलें पारंपरिक पोषाख करून व डॅफोडिलचें फूल किंवा लीक नांवाच्या कांद्याची पात छातीवर लावून शाळेंत जातात. ज्यांच्या नांवाचा अर्थ 'देवीचें उपासनास्थान' असा होतो अशीं गांवें त्या देशांत पुष्कळ आहेत.

असें असूनहि मध्ययुगांत मुलांना 'देवी' हें नांव क्वचितच ठेवीत. दाव्हिद नांवाचे राजपुत्र झाले, चौदाव्या शतकांतील सर्वश्रेष्ठ वेल्श कवि दाव्हिद आप ग्विलिम हा झाला. १५८८ सालीं बिशप विल्यम मॉर्गन ह्यांनीं पवित्र शास्त्राचें वेल्श भाषांतर छापिलें, त्यांतहि राजा दावीद हा 'दाव्हिद'च आहे. 'देवी' हें जणूं संतासाठींच राखून ठेविलेलें होतें.

मग राजसत्तेचा वरवंटा फिरला. १५३६ च्या कायद्यानें वेल्समधील न्यायकचेऱ्यांची भाषा इंग्रजी ठरली. नोंदवह्यांत दाव्हिदचा डेव्हिड झाला. 'अमक्याचा मुलगा' अशा अर्थाचें 'आप' लावून बापाचें नांव सांगण्याची जी जुनी रीत होती, ती हळूहळू जाऊन डेव्हिस, जोन्स अशीं ठरावीक आडनांवें रूढ झालीं. दाव्हिद ह्याच नांवावरून 'टॅफी' असा शब्द काढून इंग्रज लोक सरसकट वेल्श माणसाला चिडवूं लागले. १९ व्या शतकांत तर कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यांत लांकडाचा तुकडा अडकवीत. दुसरा कोणी ती भाषा बोलतांना सांपडला कीं तो तुकडा त्याच्या गळ्यांत जाई, आणि शाळा सुटतांना तो ज्याच्या गळ्यांत असेल त्याला मार बसे. हें करणारे शिक्षक पुष्कळदां वेल्शच होते, आणि मुलांचें कल्याण आपण करितों आहों असेंच त्यांना वाटत होतें. मला ह्या इतिहासांतील सर्वांत दुःखद गोष्ट हीच वाटते.

तरीहि नांव टिकलें. कागदावर डेव्हिड ओवेन असलेला कवि (१७८४–१८४१) आपल्या लोकांत 'देवी विन' म्हणून गाजला. कागदावरचा दुसरा एक डेव्हिड, आडनांव जेम्स (१८८१–१९५२), हा वेल्सच्या राष्ट्रीय काव्योत्सवांत 'खुर्ची' हा श्रेष्ठ मान चार वेळां मिळविता झाला, तो 'देवी एमरिस' ह्या नांवानें. विसाव्या शतकांत आईबापांनीं धीर केला आणि जन्माच्या नोंदींतच 'देवी' असें लिहूं लागले. १९५९ सालीं इंग्लंडविरुद्ध आपल्या पहिल्याच सामन्यांत वेल्सला विजय मिळवून देणारा रग्बीपटु देवी बेब, आणि २०२३ च्या विश्वचषकांत वेल्सचा संयुक्त कर्णधार नेमलेला देवी लेक, हे दोघे ह्या नव्या पिढ्यांचे. तथापि नांव राखल्यानें सारेंच राखलें जातें असें नाहीं. १९०१ सालीं वेल्समधील सुमारें निम्मे लोक वेल्श बोलत; २०२१ च्या गणनेंत हें प्रमाण शेंकडा १७.८ इतकें उतरलें. नांव हें घराच्या दारावरील पाटीसारखें आहे. आंत माणसें बोलतीं राहिलीं तरच त्या पाटीला अर्थ.

आतां स्वतःची एक चूक सांगतों. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, मी नवशिका शिक्षक असतां, एक बाई आपल्या मुलाला पांचवींत घालावयास आली. मुलाचें नांव धोंड्यादगडांवरून पडलेलें होतें. पुढें मुलें चिडवितील, ह्या कळकळीनें मीं तिला समजावून एक सुंदर संस्कृत नांव नोंदवहींत लिहविलें. ती कांहीं बोलली नाहीं. कांहीं महिन्यांनीं ती एकदां मुलाचा डबा घेऊन आली व वर्गाच्या दारांत उभी राहून तिनें त्याच्या घरच्या नांवानें विचारणा केली. मी ओळख विसरलों होतों, मीं सहज म्हटलें, "ह्या नांवाचा मुलगा आमच्या वर्गांत नाहीं." तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती हळूच म्हणाली, "गुरुजी, ह्याच्या आधींचीं दोन पाळण्यांतच गेलीं. हा तरी दगडासारखा टिकावा म्हणून तें नांव ठेवलं होतं." जें नांव मीं गांवंढळ म्हणून पुसलें, ती त्या माउलीची प्रार्थना होती. गळ्यांत लांकूड अडकविणाऱ्या त्या शिक्षकांत व माझ्यांत त्या दिवशीं फारसें अंतर नव्हतें.

कोणी पालक विचारतील कीं, मग परदेशांतून आलेलीं नांवें आपण टाकावींत काय? माझें म्हणणें तसें मुळींच नाहीं. 'देवी' हें तरी वेल्सचें मूळचें कोठें होतें? आमच्या ख्रिस्ती घरांतला दावीद, शेजारच्या मुसलमान घरांतला दाऊद, आणि ज्यांच्या नांवाचें ग्रंथालय मुंबईंत उभें आहे ते यहुदी गृहस्थ डेव्हिड ससून, हे सारे एकाच नांवाचे धनी. दुसरीकडे, १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावरहि रेव्हरंड टिळकांनीं नारायण हें आपलें नांव टाकिलें नाहीं, आणि त्यामुळें त्यांच्या भक्तींत कांहीं उणें पडलें नाहीं. नांव कोठून आलें हें गौण आहे. तें ज्या घरांत नांदतें, तेथील माणसांच्या तोंडीं तें जसें बसतें, तसेंच त्याला मानानें उच्चारावें, एवढेंच माझें सांगणें.

व्यवहाराची अडचण मीहि जाणतों. परीक्षेचे दाखले असतात, परगांवीं नोकरी करावयाची असते, आणि अवघड नांवाच्या मुलाला सोसावें लागतें हें खरें. परंतु त्यावर उपाय हसणाऱ्यांस शिकविण्याचा आहे. ज्याला हसतात त्याचें नांव बदलण्याचा नव्हे. आईबापांनीं स्वतः विचार करून नांव बदललें तर तो त्यांचा अधिकार. शिक्षकाच्या भिडेनें तें कधींहि बदलूं नये.

म्हणून पालकांस विनंति कीं, मुलाचें नांव कां ठेविलें, कोणाच्या आठवणीनें ठेविलें, हें त्याला एकदां जवळ बसवून सांगावें. विद्यार्थ्यांस सांगणें इतकेंच कीं, नवा सोबती वर्गांत आला म्हणजे त्याचें नांव त्याच्या आईच्या तोंडीं कसें येतें तें विचारावें, आणि तसेंच म्हणावें. गोष्ट लहान आहे. पण लहान गोष्टी निष्ठेनें करा, हाच तर त्या देवी नांवाच्या संताचा उपदेश होता.