कोंबड्यांच्या अंगणात गालिचा

बंगल्याच्या आवारात चार-सहा कोंबड्या पाळायची हौस शहराच्या कडेकडेने बरीच फोफावली आहे. हौस चांगलीच. गिरिराज किंवा वनराज आणायच्या, सुबक खुराडं करून घ्यायचं, घरची अंडी खायची. मग कोंबड्या महिनाभरात लॉन उकरून त्याची रया घालवतात, पहिल्या पावसात चिखल होतो आणि यजमान चौरस फुटाच्या भावाने प्लॅस्टिकचं गवत आणून अंथरतात. माझ्या मते हे पैसे पाण्यात गेले.

मोकळी सोडलेली कोंबडी दिवसभर काय करते, ते एकदा बसून पाहा. दोन्ही पायांनी आळीपाळीने माती मागे ओढते, पाऊलभर मागे सरते, मान तिरकी करून एका डोळ्याने निरखते आणि टिपते: वाळवी, गांडूळ, एखादं बी, कोवळं पातं. दुपारी कोरड्या मातीत खड्डा करून लोळते, पिसांतल्या उवा झाडते. प्लॅस्टिकच्या गवतावर, म्हणजे टर्फवर, यातलं काहीच जमत नाही, पण उकरायची खोड काही सुटत नाही. नखांनी धागे सुटतात आणि सुटलेल्या धाग्यावर चोच पडतेच. गळ्याजवळच्या अन्नपिशवीत धागे साचले की पुढचा घास अडतो.

‘धुतलं की स्वच्छ’ असं विक्रेते सांगतात. विष्ठा मातीत मुरते, तिचं खत होतं. टर्फच्या धाग्यांत ती अडकून राहते, खाली ओल धरते आणि ओलीत रक्ती हगवणीला आमंत्रण मिळतं. त्यात एप्रिलचं ऊन. जिवंत गवत पाणी बाष्परूपाने सोडत थंड राहतं. प्लॅस्टिक नुसतं तापतं. कोंबडीला घामही येत नाही, बिचारी चोच उघडून धापा टाकते.

या प्लॅस्टिकच्या गवताचं नाव झालं ते 1966 साली, ह्यूस्टनच्या छत असलेल्या ॲस्ट्रोडोम मैदानात. छताचे पारदर्शक प्लॅस्टिकचे तक्ते रंगवल्यामुळे ऊन अडून खरं गवत मेलं होतं, म्हणून ते आणावं लागलं. आपल्या अंगणात उन्हाची काय वानवा आहे?

गवत कोंबड्यांपुढे टिकत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. तिच्यावर साधा इलाज आहे. सहा इंच उंचीची लाकडी चौकट करा, वर कोंबडीजाळी ताणून ठोका, आत रात्रभर भिजवलेले गहू पेरा. आठ-दहा दिवसांत पाती जाळीबाहेर येतात. कोंबड्या वर चढून शेंडे खुडतात, मुळांना नख लागत नाही. दोन-तीन चौकटी आलटून-पालटून वापरल्या की झालं. बाकी अंगणात चिवट हरळी लावा आणि मधे कुंपण घालून अर्ध्या भागाला विश्रांती द्या. लसूणघास द्यायचा तर बारीक चिरून. लांब काडी अन्नपिशवीत गुंतते. हिरव्या पाल्याने बलक छान पिवळाधमक होतो, पण पाला म्हणजे तोंडीलावणं. अंड्यावरच्या कोंबडीला रोजचं शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतंच.

टर्फ आणून बसला असाल तर फेकू नका. तुकडे कापून अंडी घालायच्या खोक्यात अंथरा. तिथे ते खरंच उपयोगी पडतं, अंडी फुटत नाहीत. अंगणातली हरळी तेवढी पाऊस सुरू होताच लावून घ्या.