गायरान रिकामे नसते

स्वीडनमध्ये सामी लोक रेनडिअर चारतात, त्या काल्लाकच्या भूमीवर लोहखनिजाची खाण काढण्यास तेथील सरकारने 2022 साली परवानगी दिली. 2024 साली न्यायालयाने ती कायम केली. दूरची गोष्ट म्हणून आपण ती सोडून देऊ नये. अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी आपल्याच जामखेड तालुक्यात आहे. 2025 साली त्यांची त्रिशताब्दी आपण थाटाने साजरी केली. पण त्यांच्या मेंढपाळ समाजाच्या चराईच्या रानावर खाणपट्टा देण्याची भाषा निघाली, की ‘जमीन पडीकच आहे’ म्हणून आपण मोकळे होतो.

पडीक कोणासाठी? मेंढरे काही दिवस चरून पुढे जातात, म्हणून एरवी रान मोकळे दिसते. ते मोकळे राहते म्हणूनच गवत पुन्हा येते. खडीसाठी फोडलेला माळ मात्र पुन्हा उगवत नाही.

गावांच्या सामाईक जमिनी राखाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 सालीच बजावले आहे. खाणींसाठी मूळ रहिवाशांवर भूमी सोडण्याचा दबाव येतो, याकडे पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लक्ष वेधले. ‘ग्रामसभेने संमती दिली’ हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. फिरस्त्या मेंढपाळाला त्या सभेत जागा कोठे आहे? ठरावाला हात वर करण्यापूर्वी आपण प्रत्येकाने एवढे तरी विचारावे: त्याला विचारले काय?